खडकात उरलेले तेल : मुंबई हायच्या संदर्भात तेलप्राप्ती-संशोधनाचा इतिहास

१. प्रस्तावना

भारताच्या खनिज तेलाच्या इतिहासात १९७४ या वर्षाला विशेष स्थान आहे. त्या वर्षीच्या फेब्रुवारी महिन्यात 'सागर सम्राट' या वेधनमंचाने मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटर अंतरावर, समुद्रतळाखालील चुनखडकात तेलाचा शोध लावला. २१ मे १९७६ रोजी तेथून प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले. १९७३च्या तेलसंकटाने हवालदिल झालेल्या देशाला या शोधाने मोठा आधार दिला. त्यामुळे 'मुंबई हाय' आणि 'सागर सम्राट' ही नावे पाठ्यपुस्तकांत आली, टपाल तिकिटांवर आली आणि सर्वसामान्य मराठी माणसाच्या बोलण्यातही रुळली.

तथापि, तेल सापडणे आणि तेल हाती येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सापडलेल्या तेलापैकी फार मोठा भाग खडकातच राहतो. विहिरी खोदल्या, पंप बसविले, पाणी सोडले, तरीही सर्वसाधारणपणे मूळ साठ्याचा एक तृतीयांशच्या आसपास भाग वर येतो आणि उरलेला दोन तृतीयांश खडकाच्या छिद्रांत अडकून पडतो. हे उरलेले तेल कसे सोडवावे, हा प्रश्न गेल्या शंभर वर्षांत जगभरच्या प्रयोगशाळांनी हाताळला आहे. भारतात अहमदाबाद, पनवेल, डेहराडून आणि पुणे येथील प्रयोगशाळांचाही त्यात वाटा आहे. शोधाचा इतिहास वारंवार लिहिला गेला. या दुसऱ्या, संथ आणि प्रसिद्धीपासून दूर राहिलेल्या प्रयत्नाचा इतिहास मात्र मराठीत क्वचितच मांडला गेला आहे.

प्रस्तुत लेखात या संशोधनाची उभारणी कशी झाली, भारतात व विशेषतः महाराष्ट्राच्या संदर्भात त्याची वाटचाल कशी झाली, आणि प्रयोगशाळेतील निष्कर्ष प्रत्यक्ष तेलक्षेत्रात उतरण्यास इतका काळ का लागला, या तीन मुद्द्यांचा विचार केला आहे. खडकाला योग्य वेळी प्रश्न विचारले नाहीत, तर पुढे कितीही खर्च केला तरी त्याची पूर्ण उत्तरे मिळत नाहीत, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

२. कापूरहोळचा काळा पाषाण आणि समुद्राखालचा चुनखडक

पुणे-सातारा महामार्गावरील कापूरहोळ येथून एक रस्ता पश्चिमेस भोरकडे आणि दुसरा पूर्वेस नारायणपूर-सासवडकडे जातो. या परिसरातील डोंगर, खाणी आणि विहिरींचे कठडे ज्या काळ्या पाषाणाचे आहेत, तो दख्खनच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून तयार झाला. या खडकात तेल नाही. परंतु खडकात द्रव कसा साठतो आणि कसा वाहतो, हा प्रश्न येथील शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. एकाच शिवारातील दोन विहिरींपैकी एक उपशानंतर रात्रीतून भरते आणि दुसरी चार दिवस कोरडी राहते. खडकात पोकळ्या असणे आणि त्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असणे यांत असलेला हा फरक आहे. शास्त्रीय परिभाषेत पहिल्या गुणाला सच्छिद्रता आणि दुसऱ्याला, म्हणजे द्रवाला वाट करून देण्याच्या गुणाला, पार्यता म्हणतात.

हाच बेसॉल्ट पश्चिमेकडे अरबी समुद्राखालीही पसरला आहे. मुंबई हायच्या तेलधारक चुनखडकाच्या खाली जो तळखडक आहे, त्यात हा दख्खनचा पाषाण आणि त्याहून पुरातन ग्रॅनाइट व रूपांतरित खडक आढळतात. या तळावर पुढे मायोसीन काळात उथळ, उबदार समुद्रात चुनखडकाचे थर साचले. त्यांपैकी 'एल-तीन' या नावाने ओळखला जाणारा थरसमूह मुंबई हायचा प्रमुख तेलसाठा होय. हा साठा एकसंध नाही. चुनखडकाच्या अनेक पट्ट्या आणि त्यांच्या मध्ये शेल खडकाचे पातळ पडदे अशी त्याची रचना आहे. तेलाच्या वरच्या बाजूस नैसर्गिक वायूची टोपी आहे. ही रचना पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते.

३. पाण्याच्या अभ्यासातून तेलाकडे

तेलप्राप्तीच्या शास्त्राचा पाया एका नळपाणी योजनेत आहे. फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करणारे अभियंते आंरी दार्सी यांनी वाळूच्या थरातून पाणी किती वेगाने झिरपते याची मोजणी केली आणि १८५६ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रवाहाचा वेग हा दाबातील फरकाच्या प्रमाणात असतो, हा त्यांचा नियम आज भूजलशास्त्र आणि तेल अभियांत्रिकी या दोन्ही शाखांचा आधार आहे. पार्यतेचे एकक 'डार्सी' हे त्यांच्याच नावावरून पडले.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १८५९ मध्ये, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात टायटसव्हिल येथे ड्रेक यांची तेलविहीर यशस्वी झाली. तेथील जुन्या, सोडून दिलेल्या विहिरींत वरच्या थरांतील पाणी शिरू लागले, तेव्हा ते नुकसानकारक मानले गेले. परंतु त्या राज्याच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील जॉन कार्ल यांनी १८८० मध्ये एक वेगळी शक्यता मांडली : आत शिरलेले पाणी तेलाला शेजारच्या विहिरीकडे ढकलत असावे. पुढे ब्रॅडफर्ड क्षेत्रातील काही उत्पादक कायद्याची नजर चुकवून मुद्दाम विहिरींत पाणी सोडू लागले. पेनसिल्व्हेनियाने या पद्धतीला १९२१ मध्ये कायदेशीर मान्यता दिली. आज जगभर सर्वाधिक वापरली जाणारी जल-अंतःक्षेपण पद्धत अशा रीतीने आधी व्यवहारात आली आणि तिचे शास्त्र नंतर तयार झाले.

ते शास्त्र १९३०च्या दशकात आकाराला आले. वायकॉफ, बॉटसेट, मस्कॅट आदी संशोधकांनी वाळूने भरलेल्या नळ्यांतून द्रव आणि वायू एकत्र सोडून त्यांचे प्रवाह मोजले. एकाच छिद्रजाळात दोन प्रवाही असतील तर प्रत्येक जण दुसऱ्याची वाट अडवतो, हे त्यातून स्पष्ट झाले. १९४२ मध्ये बकली आणि लेव्हरेट यांनी पाणी तेलाला खडकातून कसे ढकलत नेते याचे गणित मांडले. १९५८ मध्ये सॅफमन आणि टेलर यांनी दोन काचांमधील बारीक फटीत प्रयोग करून दाखविले, की पातळ द्रव दाट द्रवाला ढकलू लागला तर त्यांच्यातील सीमारेषा सरळ राहत नाही. पातळ द्रवाची 'बोटे' फुटतात आणि ती दाट द्रवाला मागे टाकून पुढे निघून जातात. पाणी लवकर विहिरीत पोहोचते आणि तेल मागे राहते, या क्षेत्रावरील जुन्या अनुभवाचे एक महत्त्वाचे कारण त्यामुळे प्रयोगशाळेत डोळ्यांना दिसले.

४. तेल मागे का उरते?

प्रयोगशाळेने या प्रश्नाचे उत्तर दोन पातळ्यांवर दिले आहे.

पहिली पातळी सूक्ष्म आहे. खडकातील छिद्रे केसाहूनही बारीक असतात. पाणी छिद्रांच्या जाळ्यातून पुढे सरकते तेव्हा तेलाचा सलग धागा जागोजागी तुटतो आणि त्याचे थेंब अरुंद मानेच्या पोकळ्यांत अडकतात. तेल व पाणी यांच्या सीमेवरील ताणामुळे, म्हणजे आंतरपृष्ठीय ताणामुळे, हा थेंब आकार बदलून बाहेर पडू शकत नाही. केवळ दाब वाढवून त्याला हलविणे व्यवहार्य नसते. त्यासाठी हा ताण हजारो पटींनी कमी करावा लागतो. साबणाच्या जातीची पृष्ठक्रियाकारक रसायने हे काम करतात.

दुसरी पातळी स्थूल आहे. पाणी खडकाच्या ज्या भागात पोहोचलेच नाही, तेथील तेल हलण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. खडक एकसारखा नसेल तर पाणी सोपी वाट धरते. जाड, मोकळ्या पट्टीतून ते वेगाने निघून जाते आणि घट्ट पट्टीतील तेल जसेच्या तसे राहते. पाण्यात बहुवारिक रसायन मिसळून त्याची श्यानता वाढविली तर त्याची धाव मंदावते आणि ते अधिक क्षेत्र व्यापते. १९६४ मध्ये पाय आणि सँडिफर्ड यांच्या शोधनिबंधांनी या पद्धतीला शास्त्रीय बैठक दिली.

एकूण तेलप्राप्ती ही या दोन गुणकांच्या गुणाकाराइतकी असते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पाणी जेथे पोहोचले तेथील ६० टक्के तेल त्याने बाहेर काढले, परंतु ते साठ्याच्या निम्म्याच भागात पोहोचले, तर एकूण प्राप्ती ३० टक्के होईल. येथे प्रयोगशाळेतील खडकाच्या तुकड्यावर मोजलेला आकडा ६० आहे, तर क्षेत्रावरील आकडा ३० आहे. दोन्ही आकडे खरे आहेत, मात्र त्यांचे अर्थ वेगळे आहेत. हा भेद विसरला गेल्यामुळे प्रयोगशाळेकडून कधी अवास्तव अपेक्षा बाळगल्या गेल्या, तर कधी तिच्यावर अकारण अविश्वास दाखविला गेला.

या संशोधनातील मुख्य साधन म्हणजे 'कोअर', अर्थात वेधन करताना खडकातून कापून काढलेला दंडगोल नमुना. त्यातून साधारणतः चार सेंटिमीटर व्यासाचा तुकडा कापतात, विद्रावकांनी धुतात, वाळवितात, त्यात त्या साठ्यातील पाण्यासारखे खारे पाणी व नंतर तेल भरतात आणि साठ्याच्या तापमानाला काही आठवडे मुरू देतात. त्यानंतर एका टोकाने पाणी किंवा रसायन सोडून दुसऱ्या टोकाला किती तेल बाहेर येते ते मोजतात. ही कृती वाटते तितकी निर्दोष नाही. खडकाच्या पृष्ठभागाला पाणी अधिक चिकटते की तेल, यावर सारे अवलंबून असते आणि धुण्याच्या क्रियेतच हा गुण बदलू शकतो. चुनखडकाच्या बाबतीत हा धोका विशेष असतो, कारण तेलातील आम्लधर्मी घटक त्याच्या पृष्ठभागाला घट्ट धरून बसतात. नमुना उघडा पडला, वाळला किंवा वर्षानुवर्षे पेटीत राहिला, तर तो मूळ खडकाविषयी खात्रीची साक्ष देत नाही.

५. भारतातील संस्थात्मक उभारणी

आसाममधील दिगबोई येथे १८८९ पासून तेल मिळत असले, तरी तेलप्राप्तीच्या संशोधनाला संस्थात्मक रूप स्वातंत्र्योत्तर काळातच आले. १४ ऑगस्ट १९५६ रोजी तेल व नैसर्गिक वायू आयोगाची, म्हणजे आजच्या ओएनजीसीची, स्थापना झाली. केशवदेव मालवीय यांच्या पुढाकाराने आणि सोव्हिएत तज्ज्ञांच्या साहाय्याने गुजरातमध्ये १९५८ मध्ये खंबातजवळ आणि १९६० मध्ये अंकलेश्वर येथे तेल सापडले. १९६० मध्ये भारतीय पेट्रोलियम संस्था सुरू झाली. आयोगाने १९६२ मध्ये डेहराडूनला समन्वेषणासाठी आणि १९७८ मध्ये अहमदाबादला तेलसाठ्यांच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था काढली. अहमदाबादची ही 'इन्स्टिट्यूट ऑफ रिझर्व्हॉयर स्टडीज' देशातील तेलप्राप्ती-संशोधनाचे प्रमुख केंद्र ठरली. समुद्रातील कामाची गरज ओळखून महाराष्ट्रात पनवेल येथे १९८३ मध्ये सागरी अभियांत्रिकीची आणि १९८४ मध्ये तेल व वायू उत्पादन तंत्रज्ञानाची संस्था उभी राहिली.

अहमदाबादच्या संस्थेला हाताजवळच प्रयोगक्षेत्रे लाभली. उत्तर गुजरातमधील मेहसाणा पट्ट्यात बालोल व संथाल येथील तेल इतके दाट आहे की ते सहजासहजी वाहत नाही. तेथे भूगर्भातच हवा सोडून तेलाचा अल्प भाग जाळायचा आणि त्या उष्णतेने उरलेले तेल पातळ करून विहिरीकडे ढकलायचे, ही पद्धत निवडण्यात आली. बालोल येथे १९९० मध्ये पथदर्शी प्रयोग झाला आणि १९९७ मध्ये ही पद्धत व्यापारी पातळीवर आली. साणंद क्षेत्रात बहुवारिकमिश्रित पाण्याचा पथदर्शी प्रयोग १९८५ मध्ये सुरू झाला आणि १९९०च्या दशकात त्याचा विस्तार झाला. विराज क्षेत्रात २००२ मध्ये अल्कली, पृष्ठक्रियाकारक आणि बहुवारिक या तिन्हींच्या एकत्रित वापराची चाचणी घेण्यात आली.

साणंद क्षेत्राचा शोध १९६२ मध्ये आणि बालोलचा १९७०च्या सुमारास लागला होता. याचा अर्थ असा की शोध आणि पहिला पथदर्शी प्रयोग यांत सुमारे वीस किंवा त्याहून अधिक वर्षे गेली. या विलंबाला तेलाच्या किमती, रसायनांची आयात, यंत्रसामग्रीची उणीव अशी अनेक कारणे होती. परंतु 'प्रथम सोपे तेल काढू, अवघड तेलाचे नंतर पाहू' ही कार्यपद्धतीही त्यामागे होती, हे नाकारता येत नाही.

६. मुंबई हाय : घाई आणि तिची किंमत

मुंबई हायच्या बाबतीत या कार्यपद्धतीचे परिणाम अधिक व्यापक झाले. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले, १९७८ मध्ये उरणपर्यंत तेलवाहिनी पूर्ण झाली. १९७९ मध्ये दुसरे जागतिक तेलसंकट आले. परकीय चलन वाचविण्यासाठी उत्पादन झपाट्याने वाढविणे ही राष्ट्रीय निकड होती आणि ती मुंबई हायने भागविली. साठ्यातील दाब टिकवून धरण्यासाठी समुद्राचे पाणी सोडण्याचे काम मात्र १९८४ पासून सुरू झाले. त्या आधीच्या आठ वर्षांत तेल काढले जात होते. त्याची जागा घेण्यासाठी बाहेरून पाणी सोडले जात नव्हते.

दाब कमी झाल्यावर तेलात विरघळलेला वायू मोकळा होतो, तेल अधिक दाट होते आणि वरच्या टोपीतील वायू विहिरींकडे ओढला जातो. १९८९-९० मध्ये देशाचे तेल उत्पादन सुमारे ३४ दशलक्ष टन होते. ते १९९२-९३ मध्ये सुमारे २७ दशलक्ष टनांवर आले. या घसरणीची कारणे एकाहून अधिक असली, तरी मुंबई हायमधील अतिरिक्त उपसा हा त्या काळी जाहीर चर्चेचा विषय झाला होता. विहिरीची आवक न पाहता उपसा केला तर पुढच्या उन्हाळ्यात काय होते हे कापूरहोळ-भोर परिसरातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. फरक एवढाच की पाण्याची विहीर पावसाळ्यात पुन्हा भरते. तेलसाठ्याला पावसाळा नसतो.

येथे असा प्रश्न उपस्थित होतो की गुजरातमध्ये यशस्वी ठरलेल्या रासायनिक पद्धती मुंबई हायमध्ये का वापरल्या गेल्या नाहीत. याचे उत्तर खडकाच्या आणि तेलाच्या स्वभावात आहे. पहिली गोष्ट म्हणजे मुंबई हायचे तेल हलके आहे. त्याला ढकलण्यासाठी पाणी दाट करण्याची गरज मेहसाणा किंवा साणंदइतकी तीव्र नाही. दुसरी, साठ्याचे तापमान शंभर अंश सेल्सिअसहून अधिक आहे. नेहमीची पॉलिअ‍ॅक्रिलामाइड जातीची बहुवारिके एवढ्या उष्णतेत हळूहळू विघटित होतात आणि पाण्यातील कॅल्शियमशी संयोग पावून साक्याच्या रूपाने खाली बसतात. तिसरी, समुद्रातील मंचावर रसायनांची साठवण व मिश्रण यांसाठी जागा अपुरी असते. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे येथील उरलेल्या तेलाचा मोठा भाग सूक्ष्म छिद्रांत अडकलेला असण्याबरोबरच पाणी न पोहोचलेल्या पट्ट्यांतही आहे. वर सांगितलेल्या दोन गुणकांपैकी दुसरा गुणक येथे दुबळा आहे.

म्हणूनच २०००-०१ पासून हाती घेतलेल्या पुनर्विकास योजनेत रसायनांपेक्षा नव्या विहिरींवर भर देण्यात आला. आडव्या विहिरी, जुन्या विहिरींतून फोडलेल्या बाजूच्या शाखा आणि पट्टीनिहाय अभ्यास यांच्या आधारे न हललेल्या तेलापर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न झाला. त्याच सुमारास, २००१ मध्ये, ओएनजीसीने आपल्या क्षेत्रांतील सरासरी तेलप्राप्ती २८ टक्क्यांवरून वीस वर्षांत ४० टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. या आकड्यांचे मोल समजण्यासाठी एवढे सांगणे पुरेसे आहे की शंभर कोटी टनांच्या साठ्यात एका टक्क्याची वाढ म्हणजे एक कोटी टन तेल होय.

समुद्राच्या पाण्याचा आणखी एक धडा येथे नोंदविला पाहिजे. नॉर्वेच्या सागरी हद्दीतील एकोफिस्क क्षेत्रात १९८७ पासून खडूसारख्या मऊ चुनखडकात समुद्राचे पाणी मोठ्या प्रमाणावर सोडण्यात आले आणि त्याचा परिणाम अपेक्षेहून चांगला दिसला. स्टॅव्हँजर येथील प्रयोगशाळेत पुढे झालेल्या संशोधनातून असे दिसून आले, की योग्य तापमानाला समुद्राच्या पाण्यातील सल्फेट, कॅल्शियम व मॅग्नेशियम हे आयन खडकाच्या पृष्ठभागावरील तेलाची पकड सैल करतात. उलट हाच सल्फेट अन्य ठिकाणी साठ्यातील बेरियमशी संयोग पावून विहिरीत कठीण थर निर्माण करतो आणि काही जीवाणूंना खाद्य पुरवून विषारी हायड्रोजन सल्फाइड वायूला कारणीभूत होतो. एकाच पाण्याचे एका खडकात औषध आणि दुसऱ्यात विष होते. परक्या खडकावरचे निष्कर्ष आपल्या खडकाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत; प्रत्येक साठ्याचे स्वतःचे प्रयोग करावे लागतात.

७. पुण्यातील जीवाणू-संशोधन

या विषयातील एक लक्षणीय काम पुणे शहरात झाले आहे. १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था स्थापन झाली. तिच्या संशोधन संस्थेला १९९२ मध्ये संस्थापक संचालक, वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचे नाव देण्यात आले. शेती, वनस्पती आणि सूक्ष्मजीव हे या संस्थेचे परंपरागत विषय होत. अशा संस्थेचा तेलविहिरींशी संबंध यावा हे प्रथमदर्शनी आश्चर्यकारक वाटते.

जीवाणूंच्या साहाय्याने तेल सोडविण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील सागरी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ क्लॉड झोबेल यांनी १९४०च्या दशकात तिचा पाठपुरावा केला. काही जीवाणू स्वतःच पृष्ठक्रियाकारक द्रव्ये तयार करतात, काही आम्ले व वायू निर्माण करतात, तर काहींच्या वाढीमुळे मोकळ्या वाटा बुजून पाणी नव्या वाटेला वळते. अडचण तापमानाची होती. खोल साठ्यांतील उष्णतेत बहुतेक जीवाणू तग धरत नाहीत. दिल्लीच्या टेरी संस्थेने अहमदाबादच्या संस्थेसह उष्णतासह जीवाणूंचा वापर विकसित केला आणि त्यातून २००७ मध्ये एक संयुक्त कंपनीही स्थापन झाली.

आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी याहून उष्ण साठ्यांकडे लक्ष दिले. प्राणवायूविना वाढणारे जीवाणू हा तेथील दीर्घ अभ्यासाचा विषय असल्याने त्यांच्याजवळ आवश्यक कौशल्य होते. उष्ण तेलसाठ्यांतून आलेल्या पाण्यातूनच त्यांनी जीवाणू वेगळे केले. ९१ ते ९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या, उत्पादन घटलेल्या साठ्यांतून तेल मिळविण्याच्या सूक्ष्मजैविक प्रक्रियेविषयीचा त्यांचा शोधनिबंध २०१४ मध्ये 'बायोरिसोर्स टेक्नॉलॉजी' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ९६ अंशांना पृष्ठक्रियाकारक द्रव्य निर्माण करणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जीवाणूवरील त्यांचे प्रयोगशाळेतील काम २०१९ मध्ये प्रकाशित झाले. पाणी उकळण्याच्या उंबरठ्यावर जगणारे हे जीव प्रयोगशाळेत जोपासणे आणि त्यांच्याकडून उपयुक्त द्रव्य तयार करून घेणे, ही सूक्ष्मजीवशास्त्राच्या दृष्टीनेही मोलाची कामगिरी आहे.

या उदाहरणातून एक व्यापक मुद्दा स्पष्ट होतो. तेलप्राप्तीचा प्रश्न तेल अभियंत्यांपुरता मर्यादित नाही. भौतिकशास्त्रातील केशाकर्षण, रसायनशास्त्रातील पृष्ठताण, भूविज्ञानातील खडकरचना आणि सूक्ष्मजीवशास्त्रातील उष्णतासह जीव या सर्वांची गाठ चार सेंटिमीटरच्या एका दगडी तुकड्यात पडते.

८. प्रश्न विचारण्याची वेळ

राजस्थानातील मंगला क्षेत्राचा अनुभव येथे तुलनेसाठी उपयुक्त आहे. बाडमेर जिल्ह्यात जानेवारी २००४ मध्ये या क्षेत्राचा शोध लागला आणि ऑगस्ट २००९ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेथील मेणयुक्त तेलासाठी रासायनिक पद्धत उपयोगी पडेल का, याचे कोअरवरील प्रयोग उत्पादन सुरू होण्यापूर्वीच झाले होते. परिणामी २०१४-१५ पासून संपूर्ण क्षेत्रावर बहुवारिकमिश्रित पाणी सोडण्यास आरंभ होऊ शकला. शोधापासून अवघ्या दहा-अकरा वर्षांत हा टप्पा गाठला गेला. साणंद आणि बालोलच्या काळाशी तुलना करता हा फरक डोळ्यांत भरतो. अर्थात मंगला क्षेत्राला आधीच्या सर्व प्रयोगांचे ज्ञान आयते मिळाले होते, हेही मान्य केले पाहिजे. पुढे आलेल्याला मागच्यांच्या पायवाटेचा लाभ होतोच.

शासकीय धोरणातही हा बदल उशिरा का होईना प्रतिबिंबित झाला. २०१८ मध्ये केंद्र सरकारने वाढीव तेलप्राप्तीस प्रोत्साहन देणारे धोरण जाहीर केले. प्रत्येक क्षेत्राची या दृष्टीने पद्धतशीर तपासणी, योग्य तंत्राचे मूल्यमापन आणि यशस्वी प्रकल्पातून मिळालेल्या अतिरिक्त तेलावरील उपकरात सवलत, ही त्याची प्रमुख अंगे होत. २०२५च्या आरंभी मुंबई हायमधील उत्पादन वाढविण्यासाठी ओएनजीसीने ब्रिटनच्या बीपी कंपनीची दहा वर्षांसाठी तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवड केली. शोधानंतर अर्धशतक उलटूनही तेथे मोठ्या प्रमाणावर तेल शिल्लक आहे, याची ही अप्रत्यक्ष कबुलीच म्हणावी लागेल. देश आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करीत असताना या शिल्लक तेलाचे महत्त्व वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

जीवाश्म इंधनाचा वापर कमी करण्याचे आव्हान समोर असताना अशा संशोधनाची आवश्यकता आहे का, अशी शंका घेतली जाते. ती रास्त आहे. मात्र खडकातील द्रवांच्या वहनाचे हेच ज्ञान कार्बन डायऑक्साइड वायू भूगर्भात कायमचा साठविण्यासाठी लागते. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये हा वायू खनिजरूपाने बंदिस्त करता येईल का, याचाही अभ्यास होत आला आहे. म्हणजे ज्या काळ्या पाषाणात तेल नाही म्हणून तो या विषयाबाहेरचा वाटतो, तोच उद्या या शास्त्राच्या केंद्रस्थानी येऊ शकतो.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) तेलप्राप्तीच्या शास्त्रात व्यवहार प्रथम आणि उपपत्ती नंतर असा क्रम दीर्घकाळ राहिला. पेनसिल्व्हेनियातील चोरून सोडलेले पाणी हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

२) प्रयोगशाळेतील तुकड्यावर मोजलेली प्राप्ती आणि संपूर्ण साठ्याची प्राप्ती या भिन्न गोष्टी आहेत. मुंबई हायमध्ये पाणी न पोहोचलेल्या भागाचा प्रश्न अधिक गंभीर होता आणि म्हणून तेथील उपाय गुजरातपेक्षा वेगळा ठरला.

३) साठ्याचा दाब टिकविण्याचा आणि खडकाच्या स्वभावाचा विचार उत्पादनाच्या आरंभीच होणे आवश्यक असते. मुंबई हायमधील आठ वर्षांचे अंतर आणि मंगला क्षेत्रातील पूर्वतयारी ही या बाबतीतील दोन टोके आहेत.

४) पुण्यातील जीवाणू-संशोधनाने दाखविल्याप्रमाणे या विषयात तेल अभियांत्रिकीबाहेरील संस्थाही भरीव योगदान देऊ शकतात.

ग्रामीण भागातील महाविद्यालयांनाही या विषयाचा परिचय विद्यार्थ्यांना करून देणे अशक्य नाही. काचेची एक नळी, चाळलेली नदीची वाळू, खाद्यतेल, मिठाचे पाणी आणि थोडा साबण एवढ्या साहित्यावर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व भूगोल या विभागांना एकत्रित प्रात्यक्षिक घेता येईल. पाणी सोडल्यावर वाळूत किती तेल अडकून राहिले आणि साबणाच्या पाण्याने त्यातील किती सुटले, हे विद्यार्थ्याने स्वतः मोजले, तर दार्सींचा नियम आणि आंतरपृष्ठीय ताण हे शब्द त्याच्यासाठी केवळ परीक्षेपुरते राहणार नाहीत. शिवाय भोर-वेल्हे भागातील विहिरींच्या पाण्याचा अभ्यास करतानाही त्याला हेच शास्त्र उपयोगी पडेल.